सरप्राइज नको, तारीख सांगा

सैनिक रजेवर येतो, कुणाला न कळवता येतो, आणि दार उघडणाऱ्या बायकोचा किंवा आईचा चेहरा मोबाइलमध्ये टिपला जातो. असे व्हिडिओ आता इतके झालेत की त्यांचा साचाच ठरून गेलाय. पाठमोरी बाई, हळूच आत येणारा गणवेश, मागे देशभक्तीचं गाणं, मग किंकाळी, मिठी आणि रडणं. त्याखालचा वादही तितकाच साचेबंद. एका बाजूला 'ऊर भरून आला', 'हेच खरे हिरो' म्हणणारे. दुसऱ्या बाजूला 'सगळं ठरवून केलेलं असतं', 'खासगी क्षणाचा बाजार मांडलाय' म्हणणारे. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं न बोलता एकमत असतं : भेट म्हणजे ती मिठी. पहिल्यांना ती पवित्र वाटते, दुसऱ्यांना नाटकी. मी फौजीची बायको आहे, आमचा अर्ध्याहून जास्त संसार फील्ड पोस्टिंग, म्हणजे घरच्यांना सोबत नेता येत नाही अशी नेमणूक, आणि रजा यांच्यामध्ये झालाय, आणि माझं म्हणणं असं की हा वादच भलत्या जागी चाललाय. मिठी हा भेटीतला सगळ्यांत सोपा भाग. महिनोन्‌महिने बाहेर राहिलेल्या माणसाने आणि त्याच्याशिवाय चालायला शिकलेल्या घराने पुन्हा एकमेकांत जागा करणं, ही खरी भेट. तिला दिवस लागतात, मेहनत लागते, तयारी लागते. आणि तयारीला तारीख लागते. सरप्राइजमध्ये नेमकी तीच काढून घेतली जाते, आणि आपण त्याला टाळ्या वाजवतो.

फौजीच्या बायकांना रजेच्या आठवणी विचारून बघा. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींना दारातला क्षण धड सांगता येत नाही. गाडी उशिरा आली होती, पाऊस होता, एवढंच. मग त्या हळूहळू खऱ्या आठवणींवर येतात, आणि मीही. त्याने सकाळी उठून पांघरुणाची चौकोनी घडी घातली आणि पलंगाच्या कडेला ठेवली, पाहुण्यासारखी. मुलीने सहीची वही त्याच्या पुढ्यातून नेऊन माझ्या हातात दिली, आणि त्याने ते पाहिलं. रात्री दोनदा उठून तो दाराची कडी बघून आला. दुसऱ्या दिवशी 'गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करत नाहीस का?' असं त्याने विचारलं आणि मी नको इतकी चिडले, कारण तो नसताना रोज रात्री तो रेग्युलेटर मीच बघत होते. हे सगळं कुणी चित्रित करत नाही, आणि करावं असं मी म्हणतही नाही. पण 'आमची भेट' म्हणून बायकांच्या मनात जे साठलेलं असतं ते बहुतेक हेच असतं, आणि सार्वजनिक चर्चेत त्यातलं काहीही येत नाही.

हे एकट्या-दुकट्या बाईचं मनोगत म्हणून सोडून देण्यासारखं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रूबेन हिल या समाजशास्त्रज्ञाने आयोवा राज्यातल्या १३५ कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नवरा सैन्यात गेला तेव्हा या घरांचं काय झालं आणि परतला तेव्हा काय झालं, असे दोन वेगळे प्रश्न त्याने विचारले. ते वेगळे ठेवले, यातच त्याची हुशारी. कारण ताटातूट उत्तम निभावणारं घर पुनर्भेटही उत्तम निभावेल असं नसतं. काही घरं गेलेल्या माणसाची जागा इतकी व्यवस्थित भरून काढतात की तो परत येतो तेव्हा त्याला शिरायला फटच उरत नाही. म्हणजे जी बाई 'किती खंबीर, किती छान सांभाळलंन सगळं' म्हणून नावाजली जाते, तिलाच रजेचे दिवस जड जाण्याची शक्यता जास्त. हे आपल्याकडच्या कौतुकाच्या भाषणांत कधी ऐकलंय?

आता समोरच्यांचं म्हणणं. ते काही पोकळ नाही. पहिली गोष्ट, हे व्हिडिओ बहुतेक वेळा घरच्यांनीच काढलेले असतात. दीर, नणंद, कधी स्वतः बायको. त्यांना त्यात आनंद वाटतो, वर्षानुवर्षं पुन्हा बघावंसं वाटतं, तर तिसऱ्याने नाक मुरडायचं कारण काय? मान्य. कुणी आपल्या घरात काय चित्रित करावं हे मी ठरवणार नाही, आणि 'बाजार मांडला' म्हणणाऱ्यांच्या सुरात मला एक तुच्छता ऐकू येते, जणू साध्या घरातल्या माणसांना आपल्या भावना दाखवायचा अधिकारच नाही. दुसरी गोष्ट, सैनिक हा कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी बाप असतो हे शहरातल्या अनेकांना या व्हिडिओंमुळेच पहिल्यांदा जाणवतं. तेही मान्य. पण ज्याला जाणवलं तो पुढे काय करतो? बोटाने वर सरकवतो आणि पुढचं बघतो. मिठीवर गोष्ट संपली की बघणाऱ्यापाशी विचारायला प्रश्न उरत नाही. हा माणूस किती दिवसांनी आला, किती दिवसांसाठी आला, आधी कितीदा यायचा राहिला, यातलं काही कळून घ्यायची गरजच भासत नाही.

'नवऱ्याला बघून तिने धावत जाऊन मिठी मारली नाही' म्हणून बायकोला बोल लावणारे प्रेक्षक मात्र फार जुने आहेत. होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो, आणि येतो तो भिकाऱ्याच्या वेशात. सरप्राइजच म्हणा. तो आल्याचं कुणाकुणाला आधी कळतं ते बघा. मुलाला कळतं. म्हाताऱ्या दाईला पायावरच्या व्रणावरून कळतं, आणि तो तिला गप्प राहायला बजावतो. डुकरं राखणाऱ्या गड्याला कळतं. उकिरड्यावर पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही कळतं. या सगळ्यांच्या नंतर कळतं ते त्याच्या बायकोला, पेनेलोपीला. आणि कळल्यावर ती धावत नाही. समोर बसते आणि गप्प बघत राहते. तेव्हा पोटचा मुलगा तिला म्हणतो, तुझं काळीज दगडाचं आहे. आजच्या व्हिडिओखाली अगदी याच मजकुराच्या प्रतिक्रिया सापडतात. पुढे नवरासुद्धा तिला तेच ऐकवतो. पण पेनेलोपी घाई करत नाही. दोघांचा पलंग बाहेर आणून घाला असं ती दासीला मुद्दाम सांगते, आणि ओडिसियस भडकतो, कारण तो पलंग त्याने जिवंत ऑलिव्हच्या झाडाचा खुंट पाया धरून बांधलेला असतो. तो हलूच शकत नाही. हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक. मग ती त्याच्या गळ्यात पडते. भेट तिथे होते, उंबऱ्यावर होत नाही. आणखी एक गोष्ट फौजीच्या बायकांना हमखास पटेल अशी आहे. त्याच रात्री, झोपण्याआधी, तो तिला सांगतो की आपल्याला अजून एका प्रवासाला जायचंय. परत जायचा विषय पहिल्याच रात्री निघतो, हे जवळपास तीन हजार वर्षांपूर्वीच्या कवीला माहीत होतं. त्या रात्री अथेना देवीने पहाट रोखून धरली, असंही त्याने लिहिलंय. रजा वाढवून मिळाल्याचं हे बहुधा साहित्यातलं पहिलं उदाहरण.

कॅमेऱ्याने पकडलेला क्षण किती फसवा असू शकतो याचा दाखला मात्र फार लांब शोधायला नको. १७ मार्च १९७३ रोजी कॅलिफोर्नियाच्या ट्रॅव्हिस हवाई तळावर असोसिएटेड प्रेसच्या स्लाव्हा वेडर यांनी एक फोटो काढला. व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून जास्त काळ कैदेत राहिलेला हवाई दलाचा अधिकारी रॉबर्ट स्टर्म विमानातून उतरलाय, त्याची पाठ आपल्याकडे आहे, आणि समोरून त्याची थोरली मुलगी दोन्ही हात पसरून, पाय जमिनीवरून सुटलेले, अशी धावत येतेय. मागे बाकीची मुलं आणि बायको. 'बर्स्ट ऑफ जॉय' या नावाने तो जगभर छापला गेला, १९७४ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. पण सुटका झाली तेव्हाच स्टर्मच्या हाती बायकोचं पत्र आलेलं होतं, आपलं नातं संपलंय असं सांगणारं. वर्षभरात घटस्फोट झाला. हा किस्सा सांगितला की लोक लगेच त्या बाईला दोष द्यायला धावतात. मला त्या घाईचंच नवल वाटतं. पाच वर्षं चार मुलं एकटीने सांभाळणारी बाई, नवरा परत येईल की नाही हे ठाऊक नसलेली. तिच्यावर निकाल द्यायला आपण कोण? मुद्दा असा की मुलीचा आनंद अस्सल होता, फोटो अस्सल होता, आणि तरी त्या घरात काय घडत होतं याबद्दल तो फोटो काहीही सांगत नव्हता. 'व्हिडिओ खोटे असतात' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. खोटेपणा हा आक्षेप फार किरकोळ आहे. खरा व्हिडिओसुद्धा तितकाच अपुरा असतो.

सरप्राइजच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार युक्तिवाद अजून मांडायचाय, आणि तो मांडणारे बहुतेक फौजी स्वतः असतात. ते म्हणतात, आम्ही हौसेने लपवत नाही. रजा मंजूर झाली म्हणजे मिळाली असं नसतं. ती कटते. बर्फ पडतो, रस्ता बंद होतो, ट्रान्झिट कॅम्पात दिवस जातात. सीमेवर काही घडलं की गाडीत बसलेल्यालाही परत बोलावतात. २०२५ च्या मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी रजा रद्द झाल्या आणि अंगावरची हळद उतरायच्या आत जवान परत निघाले, हे आपण बातम्यांत पाहिलं. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम'साठी सैन्य सीमेवर गेलं ते पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तिथेच होतं. त्या दहा महिन्यांत किती घरांनी ठरवलेल्या तारखा खोडल्या असतील! मग तारीख सांगून पोराला दिवस मोजायला लावायचं आणि नंतर 'नाही जमत' म्हणून फोन करायचा, यापेक्षा न सांगता दारात उभं राहिलेलं काय वाईट? एकदा सांगून न गेलेला माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही. यात दया आहे, हे मी नाकारत नाही. माझ्या नवऱ्यानेही याच भावनेने एकदा काही सांगितलं नव्हतं.

पण बघा, त्यात होतं काय. अनिश्चितता नाहीशी होत नाही. ती फक्त एकाकडेच राहते. त्याला माहीत असतं की येण्याची शक्यता आहे, तिला ते माहीत नसतं. आणि घर तिच्या हातात असतं. आमच्याकडे कपाटातला एक कप्पा त्याचा. तो फील्डला गेला की महिन्या-दोन महिन्यांत त्यात मुलीचे स्वेटर, जुनी पुस्तकं, इस्त्रीचे कपडे घुसायचे. कुणी ठरवून करत नाही, रिकामी जागा भरतेच. रजा जवळ आली की मी तो कप्पा रिकामा करायचे, नवा कागद घालायचे, आणि ते करता करता माझ्याही डोक्यात त्याला जागा व्हायची. मुलीला सांगायचे, आता सहीची वही बाबांकडे न्यायची. सासूबाई डॉक्टरची तारीख पुढे ढकलायच्या. कामाच्या ठिकाणी मी सुट्टीचा अर्ज टाकायचे. ज्या खेपेला तो न सांगता आला त्या खेपेला कप्पा भरलेला होता, मला सुट्टी मिळाली नाही, मुलीची परीक्षा सुरू होती. मी कप्पा उपसायला गेले तर म्हणाला, 'राहू दे गं, किती दिवसांचा प्रश्न आहे.' आणि अख्खी रजा त्याने कोपऱ्यातल्या बॅगेतून कपडे काढले आणि बॅगेतच परत ठेवले. तारीख सांगून ती मोडली असती तर मी रडले असते हे खरं. पण रडणं मला परवडतं. त्याने आपल्याच घरात बॅगेतून राहणं मला परवडत नाही.

शिवाय 'येण्याची शक्यता आहे, अमुक आठवड्यात, कटूही शकते' हे सांगायला काय हरकत? मोठ्या बायकांना अर्धवट बातमी झेपत नाही असं फौजेत आणि फौजेबाहेर का धरून चालतात, मला कळत नाही. ज्या बाईने सासऱ्यांचं आजारपण, नळाची गळती आणि शाळेतला प्रवेश एकाच महिन्यात निस्तरला, तिला 'कदाचित' हा शब्द पेलवणार नाही? पोराला सांगायचं की नाही हे तिला ठरवू द्या. यावर सुरक्षेचं कारण पुढे येतं : सैनिकाच्या हालचाली फोनवर सांगायच्या नसतात. बरोबर आहे. कुठला काफिला, कुठला रस्ता, कुठली गाडी, हे सांगूच नये. पण रजा मंजूर झाली एवढं बायकोच्या कानावर घालण्याने शत्रूच्या हाती काय लागतं? आणि गंमत अशी की सुरक्षेचं कारण देऊन बायकोपासून लपवलेली रजा तासाभरात गणवेश, खांद्यावरची फीत आणि गल्लीच्या पाटीसकट लाखो लोकांसमोर झळकते. जुलै २०२० मध्ये सैन्याने जवानांना फेसबुक-इन्स्टाग्रामसह ८९ अॅप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितली होती. सुरक्षेचा मुद्दा खरोखर मनावर घ्यायचा तर व्हिडिओ आधी बंद करावा लागेल, बायकोला सांगणं नंतर.

तारखेची मागणी ही आजच्या लाडावलेल्या पिढीची आहे, असंही ऐकलंय. सभासदाच्या बखरीत शिवकालीन लष्कराची शिस्त सांगितली आहे. पावसाळ्यात छावणीला परतायचं, दसऱ्याला कूच करायचं, आठ महिने मुलूखगिरी. लष्करात बायका न्यायला सक्त मनाई. मागे राहिलेल्या बाईच्या वाट्याला पत्र नाही, फोन नाही, जिवाची हमी तर नाहीच. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण त्या बाईला एक गोष्ट माहीत असायची जी मला नसते : फौज कधी फिरणार. मृगाचे ढग हेच तिचं वेळापत्रक. लढाई ऋतूला बांधलेली होती म्हणून परत येणंही ऋतूला बांधलेलं होतं. आता सैन्य बारा महिने उभं असतं, आणि जे काम तेव्हा आभाळ करायचं ते आता रजेचा तक्ता बनवणाऱ्या माणसाला करावं लागतं. म्हणूनच तक्ता हा कारकुनी विषय आहे असं समजू नये.

'सैन्य बायकांच्या सोयीने चालत नसतं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा राग येणंही थांबलंय. चालू नयेच. सरकारी नोकरीत रजा हक्क म्हणून मागता येत नाही, सेवेची गरज आधी, आणि सैन्यात ते सगळ्यांत जास्त लागू आहे. पण इतिहास बघितला तर रजेकडे दुर्लक्ष करणं हेच सैन्याला महागात पडलेलं दिसतं. १९१४ मध्ये फ्रान्सने रजेचा विचारच केला नव्हता. युद्ध लवकर संपेल असा हिशेब होता. १९१५ च्या उन्हाळ्यात रजा सुरू झाल्या, पण कधी मिळतील याचा भरवसा नाही. १९१७ च्या वसंतात सेनापती नीव्हेलचं आक्रमण फसलं आणि फ्रेंच सैन्यात बंडाळी पसरली. निम्म्याच्या आसपास डिव्हिजनांना तिची झळ बसली. ते सैनिक काय मागत होते? निरर्थक हल्ले थांबवा, जेवण सुधारा, आणि रजा द्या. मे महिन्यात सूत्रं हाती घेतलेल्या पेतॅंने शिक्षाही दिल्या, मृत्युदंडही दिले. पण त्याबरोबर दर चार महिन्यांनी सात दिवसांची रजा पक्की केली आणि रजेवर जाणाऱ्यांच्या गाड्यांची, स्टेशनांवरच्या खाण्यापिण्याची, विसाव्याची सोय लावली. पुढे नाझींपुढे शरण गेलेला हा माणूस माझा कुणी आदर्श नाही. पण सेनापती म्हणून त्याला एक कळलं होतं : तारीख माहीत असलेला सैनिक खंदकात जास्त टिकतो. आपल्या बाजूचा दाखला याच्या उलट आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी सैनिकांना मायदेशी रजा जवळपास नव्हतीच. जखमी बरा झाला की त्याला पुन्हा आघाडीवर धाडत. त्याबद्दलची निराशा त्यांच्या पत्रांत इतकी उतरली होती की पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉरच्या अहवालांतही ती दिसते. १९१५ च्या अखेरीला हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवलं गेलं. त्यामागे इतर कारणं होती, पण खचलेलं मनोबल हे त्यांतलं एक होतं.

तारखेबरोबर लांबीही बघावी लागते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांची नेमणूक साधारण वर्षभराची असे आणि मध्ये काही दिवसांची विश्रांती. विवाहित सैनिकांना त्यासाठी हवाई बेटं मिळत. बायका स्वखर्चाने विमानाने होनोलुलूला जायच्या. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, अडचण एवढीच की दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ओळख पटेपर्यंत परतीचं विमान. आपल्याकडे जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा आहे. कागदावर हा आकडा चांगला आहे, आणि अनेक नोकऱ्यांपेक्षा उदार आहे, हे प्रांजळपणे म्हटलं पाहिजे. पण ते ९० दिवस सलग दोन खेपांत मिळणं आणि दहा-दहाच्या तुकड्यांत मिळणं यांत फार फरक आहे. प्रत्येक खेपेला पहिले दिवस एकमेकांना सरावण्यात जातात आणि शेवटचे बॅग भरण्यात. खेपा वाढल्या की हे दोन्ही टोकांचे दिवस वाढतात आणि मधले कमी होतात. बेरीज तीच राहते. अग्निवीराला तर वर्षाला ३०च दिवस आहेत. तो भरतीला अविवाहितच लागतो, तेव्हा बायकोचा प्रश्न येत नाही, असं कुणी म्हणेल. आई असतेच ना? कप्पा तीही रिकामा करते.

परदेशी राबणारे मजूर, बोटीवरचे खलाशी, सहा महिने ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, यांच्या घरीही हेच असतं. फौजींचंच कौतुक कशाला, असं विचारणाऱ्यांचं मला पटतं. त्यांच्याही भेटींवर कुणी बोललं पाहिजे. फरक एवढाच की सैनिकाचा मालक सरकार आहे, म्हणजे आपण सगळे आहोत, आणि आपल्या नावाने दिलेल्या नोकरीतल्या रजेबद्दल प्रश्न विचारणं आपल्याला सोपं आहे. 'आमच्या आज्यांनी कधी तक्रार केली नाही' म्हणणाऱ्यांना मात्र विचारावंसं वाटतं, त्यांना कुणी विचारलं होतं? चौदा वर्षांनी लक्ष्मण परत आला तेव्हा उर्मिलेचं काय झालं, हे वाल्मीकी सांगत नाहीत. रवींद्रनाथांनी तिला काव्यातल्या उपेक्षितांत बसवलं ते याच कारणाने. आता उपेक्षा उरलेली नाही, आता तर चेहऱ्यावर कॅमेरा आहे. पण विचारलं अजूनही जात नाही.

२०१९ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी जाहीर केलं की निमलष्करी दलांच्या जवानांना वर्षाला १०० दिवस कुटुंबासोबत मिळावेत अशी व्यवस्था करू. घोषणेचं स्वागत झालं, व्हायलाच हवं होतं. त्यानंतर या विषयावर विचारणा झाली की ती होते दिवसांच्या बेरजेची. मला तीन दुसरे आकडे हवे आहेत, सैन्याचेही आणि निमलष्करी दलांचेही. किती रजा ठरलेल्या तारखेला सुरू झाल्या. किती मध्येच तोडल्या. आणि तोडलेल्यांचे उरलेले दिवस त्या माणसांना पुढे कधी मिळाले. रजेची नोंद प्रत्येक युनिटात होते, कुणाला नव्याने काही मोजायचं नाही. कुठली तुकडी कुठे आहे हेही सांगावं लागत नाही; दलागणिक एकूण बेरीज पुरे. एखाद्या खासदाराने पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न लावून धरला, तर त्याच्या मतदारसंघातल्या फौजींच्या बायका त्याचं उत्तर, कितीही रुक्ष असलं तरी, शेवटपर्यंत वाचतील.